बैठकांआधी दोन इडल्या

मारतहळ्ळीतल्या आमच्या सोसायटीच्या जिममध्ये बायकांना शिकवणाऱ्या अक्कांवर माझा पहिल्या दिवसापासून राग. दारावर पाटीच होती: ‘महिनाभरात सडपातळ पाय’. बायकांच्या मांड्यांवर धंदा करणाऱ्यांविरुद्ध मी पत्रकं वाटते. एक अक्कांसाठी पिशवीत तयार ठेवलं होतं.

अक्का जुन्या बंगळुरूच्या. बैठका मोजताना बारा झाले की सरळ दहावर परत येतात. प्रत्येकीला नाश्त्याचं विचारतात, "तिंडी झाली?"

लग्न ठरल्यापासून माझी बहीण काकडीवर जगत होती. परवा ती तिथे गेली, तशी मीही मागोमाग गेले, भांडायलाच.

"तिंडी झाली?"

"नाही. मांड्या कमी करायच्यात."

"मग बैठकांना जोर कुठून आणणार, सासरहून?"

अक्कांनी स्वतःचा डबा उघडून तिच्या हातात दोन इडल्या ठेवल्या. "हे संपव. मग बघू, स्वल्प स्वल्प."

बहिणीने खाल्लं, चटणीसुद्धा पुसून! कित्येक दिवसांनी मला हायसं वाटलं. तरी मी विचारलंच, "मग ही पाटी कशाला?"

"मालकाची आहे गं. म्हणून तर मी दार सताड उघडं ठेवते. पाटी भिंतीकडे तोंड करून बसते."

निघताना दार वाऱ्याने लोटलं गेलं होतं. मी ते पुन्हा भिंतीला टेकवलं.