हळदीचा भाव आणि माझं डोकं

सांगू की नको, असं होतंय. पण चहा आलाच आहे तर ऐका. मी पोरगी बघायला गेलो आणि माझ्याच फोनने माझी अब्रू काढली!

बघायला म्हणजे आपली बोलायची पद्धत. मला जन्मापासून दिसत नाही. माझा फोन पडद्यावरचं सगळं वाचून दाखवतो. त्याचा वेग मी वाढवत वाढवत इतका नेला, की डोळस माणसाला वाटावं, फोडणीत मोहरी तडतडतेय. मग इअरफोन कशाला लावायचा? चारचौघांत खुशाल ऐकायचो. कोणाच्या बापाला कळत नव्हतं!

तर स्थळ वसमतचं, हळदीच्या बाजाराचं गाव. घरचे म्हणाले, सोबत येतो. मी हटून बसलो. हात धरून आणलेल्या माणसाला कोण पोरगी देईल? वारंगा फाट्याला बस बदलली आणि काठी टेकत, विचारत विचारत बराबर दारात जाऊन उभा राहिलो. पोरीचे वडील खूश झाले. "एकलेच आले? व्वा!" निम्मं लग्न जमलंच म्हणा!

पोरगी आत पोहे करत होती. तिलाही दिसत नाही, हे माहीत होतं. घरातच असते, साधीभोळी आहे, असं मध्यस्थाने सांगितलेलं. मी मनाशी म्हटलं, हिला बिचारीला असला फोन कुठून ठाऊक असणार?

तेवढ्यात माझ्या अक्काचा मेसेज आला. मी लावला, तोही मोठ्या आवाजात. फोन तडतडला, "पोरगी पसंत न्हाई पडली तर डोकं दुखून राहिलं म्हण आन् नीघ. तिचा बाप लई बोलतो म्हणे, त्याच्या नादी लागू नको."

"हे काय वाजून राहिलं?" वडिलांनी विचारलं.

"काही न्हाई काका, हळदीचा भाव."

"व्हय? काय निघाला आज?"

आता आली का पंचाईत! मी आकडा जुळवतोय, तोवर आतल्या दारातून पोरीचा आवाज आला, "बाबा, भाव राहू द्या. पाहुण्यांचं डोकं दुखून राहिलं का, तेवढं इचारा."

मी फोन पटकन खिशात कोंबला.

"काहून? तकलीफ हाय का काही?" वडील काळजीत पडले.

"न्हाई! बिलकुल न्हाई!" मी जवळजवळ ओरडलोच. उठून पळावंसं वाटत होतं, खोटं कशाला बोलू? पण एवढ्या लांब एकटा आलो तो काय पळायला? आणि अशी पोरगी मला दुसरीकडे कुठे मिळणार होती? गच्च बसून राहिलो. पोहे मागून घेऊन खाल्ले.

नंतर आम्हा दोघांना बोलायला ओसरीत बसवलं. मी हात जोडूनच सुरुवात केली. "समदं ऐकलं तुमी?"

"ऐकलं की," ती म्हणाली. "पण फोनचा वेग एवढा कमी काहून ठेवता? मला तर मधेच झोप येऊन राहिली होती."

लग्न झालं आमचं. आता मी निमूट इअरफोन लावतो. परवा सकाळपासून डोकं नुसतं ठणकत होतं. बायकोने विचारलं, "आज गप काहून?"

सांगणार कोणत्या तोंडाने? म्हटलं, "काही न्हाई, हळदीचा भाव पडला."