फाट्यावरची बॅटरी

‘हे खरे नाही.’ एवढंच उत्तर आलं. सरकारी कागदावर, छापून, अधिवेशन संपल्यावर तीन महिन्यांनी. प्रश्न मी लिहिलेला होता: ‘सायंकाळची साडेपाचची एस.टी. गाडी बंद झाल्यामुळे बिद्री परिसरातील मुलींना महाविद्यालयीन शिक्षण सोडावे लागत आहे, हे खरे आहे काय?’ आमदारांच्या माणसानं तो कागद शिवाजी पेठेत माझ्या घरी आणून दिला आणि वर म्हणाला, “बाई, तुमचा प्रश्न छापून आला की! पेढं द्या.” मी त्याला साधा चहा विचारला नाही.

हे आमदार माझे विद्यार्थी. नववीत निबंध दुसऱ्याच्या वहीतून उतरवायचे, आणि तोही चुकीचा. पण पोरगा गोड बोलायचा. निवडून आल्यावर भर चौकात माझ्या पाया पडले. मी नुकती शाळेतून निवृत्त झालेली, दिवसभर घरात माशा मारत बसलेली. “बाई, माझी भाषणं तुम्हीच लिवायची. तुमच्यासारखं भिडणारं कोण लिवत न्हाय,” म्हणाले, आणि मी चढले हरभऱ्याच्या झाडावर. बदल्यात काही मागितलं नाही कधी. कौतुकावर भागत होतं माझं. जळलं मेलं ते कौतुक!

माणूस वाईट म्हणावा तर तसाही नाही. सुपारीच्या खांडाचं व्यसन नाही, देवीचं दर्शन घेतल्याशिवाय तोंडात पाणी घालत नाहीत. जुन्या वळणाचे. लेकीबाळींबद्दल बोलायला लागले की आवाज हळवा व्हायचा. त्या आवाजालाच मी भुलले.

माझ्या धाकट्या भावाची मुलगी तेव्हा कोल्हापुरात बीएस्सी करत होती, दुसऱ्या वर्षाला. आमचं गाव बिद्रीच्या अलीकडे, फाट्यावर उतरून आत चालत जायचं. भावाची अट एकच, दिवेलागणीच्या आसपास पोरगी घरात पाहिजे. प्रॅक्टिकल पाचला सुटायचं, साडेपाचची गाडी गाठली की जमायचं. दिवाळीनंतर ती गाडीच बंद झाली. पुढची रात्री आठला. खच्चून माणसं भरणाऱ्या वडापच्या जीपमध्ये पोरगी कोंबून पाठवायला भाऊ तयार नव्हता. माझ्याकडे ठेव म्हटलं, तर म्हणाला, “आपली पोरगी आपल्या घरात झोपली पायजे, अक्का.” मग धारेच्या वेळेला म्हशी बायकोवर टाकून तो रोज मोटरसायकलवर तिला न्यायला यायचा, आणि रोज करवादायचा. कधी कॉलेज बंद करेल याचा नेम नव्हता. “अधिवेशन होईपर्यंत कळ काढ,” मी त्याला म्हटलं. “गाडी सुरू करून देते.” पोरीनं माझ्याकडे बघितलं तेव्हा मला आमदारकी मिळाल्यासारखं वाटलं.

नागपूरला जायच्या आधी आमदारांनी मला कार्यालयात बोलावलं. अधिवेशनात कुठले विषय घ्यायचे ते ठरवायचं होतं. मी गाडीचा विषय पहिल्या नंबरवर लिहून नेला होता. त्यांनी कागद वाचला, खिशातलं पेन काढलं आणि वर तीन ओळी घातल्या. आईबापाच्या सहीशिवाय प्रेमविवाहाची नोंदणी नको. देवळात येणाऱ्यांच्या पोशाखाला नियम. शाळेत संस्कारांचा तास. गाडी गेली चौथ्या नंबरवर.

“अहो, पोरींची कॉलेजं सुटायला लागलीत,” मी म्हटलं.

“घेऊ की बाई, न्हाय कुठं म्हणतोय? पर आधी पोरी हाताशी ऱ्हायल्या पायजेत, मग कॉलेज.”

डोक्यात तिडीक गेली माझ्या. तिथूनच उठून यायला हवं होतं. त्याऐवजी मी सौदा केला. लग्नाच्या नोंदणीचं भाषण मी लिहून देते, त्याच भाषणाच्या शेवटी तुम्ही गाडीचं बोला. “शब्द दिला, बाई,” म्हणाले, आणि पुन्हा वाकून पाया पडले.

आता खरं सांगते. त्या भाषणातलं मला काही म्हणजे काही पटत नव्हतं. पण लिहायला बसले आणि हात चालायला लागला. भिडणारं काहीतरी हवं होतं, आणि ते माझ्याजवळ होतं. मी कॉलेजला जायचे तेव्हा माझी परतीची गाडीच आठनंतर फाट्यावर यायची. आमचे वडील, आबा, बॅटरी घेऊन तिथं उभे असायचे. गाडी रखडली तर तास-तास. येणारेजाणारे टोमणे मारायचे, “पोरीला कलेक्टर करणार काय वो?” आबा म्हणायचे, “व्हईल की.” झाले मास्तरीण, पण झाले ती त्या बॅटरीमुळं.

मी तेच उचललं. त्यातला फाटा गाळला, बॅटरी गाळली, काळोख गाळला, टोमणेसुद्धा गाळले. उरला वाट बघणारा बाप. त्याला आणून दारात उभा केला आणि लिहिलं, ‘दिवेलागणीला लेकीचं पाऊल उंबऱ्याच्या आत पडलं, की बाप निवांत दाराला कडी घालतो. ती कडी म्हणजे कैद नव्हे, माया आहे.’ वाचून माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. कसली बया मी!

आमदार सभागृहात ते भाषण बोलले. झकास बोलले. बाकं वाजली. मी मोबाईलवर ते बघत बसले होते, आता गाडीचं येईल, मग येईल. घंटा वाजली आणि ते खाली बसले. गाडीचं अवाक्षर नाही. फोन केला, तर म्हणाले, “टायमच मिळाला न्हाय बघा. लेखी टाकलाय की तुमचा प्रश्न.”

त्या रविवारी गावाला गेले. फाट्यावर उतरले तर समोर हा मोठा फलक. आमदार हात जोडून उभे आणि शेजारी माझं वाक्य. कडी, माया, सगळं. आबा उभे राहायचे तिथंच लावला होता. घरी पोचले, चप्पल काढते न काढते तोच भावानं मोबाईल पुढं धरला.

“ऐक अक्का, काय बोललाय गडी! माझ्या मनातलं बोलला. उद्यापासनं हिचं कॉलेज बंद. पावणं बघायला सांगितलंय.”

“अरे, ते मी लिहिलंय!” मी ओरडलेच. “खोटं आहे ते सगळं!”

“तू लिवलंयस?” त्याचा चेहरा उजळला. “मग झालं की! शिकली-सवरलेली माझी भणच म्हणत्या. आता कोण काय बोलणार?”

मी त्याला समजावत राहिले, आवाज चढवला, रडलेसुद्धा. तो आपला क्लिप पुन्हा पहिल्यापासून लावत होता. शेवटी मी आत गेले. पोरगी चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. लहानपणापासून ती माझ्याच मांडीवर आबांची गोष्ट ऐकत आलेली. तिनं परात बाजूला सारली, हात पुसले, आणि वर बघून विचारलं,

“आत्या, आबांनी कडी कवा घातलती गं?”