सुट्टीच्या आठवड्यानंतर सूरला

मिलिंद गुरुवारी गेला. कॉलेजातून घरी आला, पाणी प्यायला आणि सोफ्यावर बसला. सुजाताने हाक मारली तेव्हा त्याने ओ दिली नाही.

मिलिंद माझा धाकटा भाऊ. मी अमरावतीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते, आता निवृत्त आहे. तो ओमानमध्ये नोकरीला होता. त्याला गावी आणलं, सगळे विधी झाले, पुण्यानुमोदनही झालं. मग त्याची बायको सुजाता आणि मुलगी आर्या परत मस्कतला गेल्या, कारण आर्याची शाळा तिथली. निघताना सुजाता म्हणाली, "ताई, थोडे दिवस या ना. घर फार मोठं वाटेल." म्हणून मी गेले. पिशवीत एक पुस्तक होतं. त्या गुरुवारी मी ते वाचत होते, फोन आला तेव्हा त्यात खूण घालून मिटलं होतं. तेव्हापासून ते उघडलं नव्हतं, पण बरोबर घेतलं.

विमान खाली येऊ लागलं तसा आधी समुद्र दिसला, मग डोंगर. एकही झाड नसलेले, भट्टीतून काढलेल्या विटेच्या रंगाचे डोंगर, एकामागे एक, आणि शेवटचे इतके फिके की डोंगर की धूळ ते कळेना. त्यांच्या पायाशी पांढरी घरं. वरून पाहताना वाटलं, इथे कुणी मोठ्याने बोलत नसेल.

सुजाताचं घर माबेल्यात, मस्कतच्या बाहेरच्या टोकाला. भाडं परवडतं म्हणून नवी कुटुंबं इथे राहतात आणि कामासाठी लांबलांब गाड्या हाकतात. सकाळी गल्लीतल्या सगळ्या गाड्या निघून जायच्या. मग दिवसभर नुसतं ऊन, गच्चीवरच्या टाक्या आणि एखादी मांजर. वाचनालय बंद केल्यावर आत जसं असतं तसं. मी खिडकीशी बसायचे. हॉलमधल्या बुद्धमूर्तीखाली मिलिंदची शिट्टी ठेवली होती, काळ्या दोरीची.

शिट्टीचं कारण सांगायला हवं. मिलिंद रुस्ताक या लांबच्या गावातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात वर्कशॉप सांभाळायचा आणि संध्याकाळी त्याच कॉलेजच्या फुटबॉल संघाला शिकवायचा. त्याचे पैसे मिळत नसत. दर शुक्रवारी तो मला फोन करायचा आणि मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नसताना तासभर तेच सांगायचा. त्यांच्या स्पर्धेत कॉलेजं विषम संख्येची, त्यामुळे दर आठवड्याला एक संघ घरी बसतो. त्याला ते 'बाय' म्हणतात. मिलिंदला या सुट्टीच्या आठवड्याने पछाडलं होतं.

"सगळे म्हणतात, विश्रांती मिळाली, आता जिंकणार," तो सांगायचा. "मी बघतोय ना, ताई. जे हरत होते ते सुट्टीनंतर जरा सुधारतात. जे जिंकत होते त्यांची लय जाते. आणि आमचे पठ्ठे जिंकत असोत की हरत असोत, सुट्टीनंतर हरतातच! पाय ताजे होतात गं, पण एकमेकांचं ऐकू येईनासं होतं. शिट्टी वाजली की जो तो एकटा धावत सुटतो, आणि सुरुवातीलाच गोल खाऊन बसतो."

मी पोचले तेव्हा संघाचा सुट्टीचा आठवडा चालू होता. पुढचा सामना सूर या बंदराच्या गावी होता. हरले तर स्पर्धेतून बाहेर.

संघाचा कर्णधार सालिम. त्याने सुजाताला फोन करून आम्हा तिघींना रुस्ताकला बोलावलं. घेऊन जायला कॉलेजची छोटी बस आली. बस चालवणारे बाळूदा कुडाळचे, इथे येऊन केस पिकले.

"ताईनू, तुमी पुढे बसा," ते म्हणाले. मग गाडी गल्लीबाहेर काढता काढता, "मास्तर असते तर सुट्टीच्या आठवड्यात बॉल माझ्या डिकीत आसतो. कोणाक हात लावूक देय नसत. आणि हे खुळे रोज सांजचे पळतत, मरासर पळतत. दुःख झाला म्हणान पळूचा, ह्यो खंयचो न्याय?"

सालिमच्या घरी मजलिस (पाहुण्यांची बैठक) होती. भिंतीला टेकून लांब गाद्या, मधे खजुराचं ताट आणि कहवा, म्हणजे वेलदोड्याची बिनदुधाची कॉफी. सगळा संघ पांढऱ्या दिशदाशात (पायघोळ अंगरख्यात) ओळीने बसला होता. प्रत्येक जण उठून माझ्यापुढे छातीवर हात ठेवून काही बोलला. कहव्याची चिमुकली वाटी रिकामी झाली की पुन्हा भरली जायची. मला पुरे कसं म्हणायचं ते ठाऊक नव्हतं. अखेर आर्याने कानात सांगितलं, "आत्या, कप असा हलव. शेक कर. मग ते देत नाय." मी वाटी हलवली. सगळे हसले, आणि खोलीतलं काहीतरी सैल झालं.

सालिमची हिंदी बाजारात शिकलेली होती, पण छान होती. तो म्हणाला, "आंटी, एक विचारायचंय. शेवटच्या सरावाला मास्टर म्हणाले, सुट्टीनंतर का हरतो त्याचं औषध सापडलंय. म्हणाले, माझ्या बहिणीने दिलंय. सुट्टीच्या आठवड्यात सांगेन." त्याने कहव्याची किटली खाली ठेवली. "मग ते... आंटी, ते औषध कोणतं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी शेवटचा फोन आठवून पाहिला. मिलिंदने आर्याच्या शाळेचं विचारलं, माझ्या गुडघ्याचं विचारलं, मी काय वाचतेय ते विचारलं. फुटबॉलबद्दल मी काही बोलले असेन हे शक्यच नव्हतं.

"मला खरंच माहीत नाही," मी म्हणाले.

"इन्शाल्ला आठवेल," सालिम म्हणाला, आणि मान खाली घालून माझी वाटी पुन्हा भरू लागला. मी ती हलवली नाही.

सामन्याच्या दिवशी आम्ही संघाबरोबरच सूरला निघालो. रुस्ताकहून येताना मुलं माबेल्यात आम्हाला घ्यायला थांबली. रोजच्या धावण्याने त्यांचे चेहरे ओढलेले होते. तरी मागून एक जण ओरडला, "बाळू, यल्ला, चल लवकर! म्हातारा झालास, उंटसुद्धा पुढे गेला!"

"म्हातारो तुझो बापूस!" बाळूदांनी मालवणीत ठणकावलं. एकालाही शब्द कळला नाही, पण हशा पिकला. हे रोजचंच असावं.

मस्कत मागे पडलं आणि रस्ता समुद्राला लागला. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला पाणी, आणि पाण्याचा रंग वळणावळणाला बदलायचा. मधेच डोंगराला चीर पडावी तशी एखादी वादी (दरी) यायची. तिच्या तळाशी खजुराची हिरवी रेघ, आणि लगेच पुन्हा कोरडा दगड. एका पंपापाशी कडक चहा आणि पातळ कुरकुरीत पोळीत गुंडाळलेलं अंडं खाल्लं. पोळी हातात मोडली आणि सगळं माझ्या साडीवर सांडलं. आर्या खूप दिवसांनी खुदकन हसली, असं सुजाता नंतर म्हणाली.

पुन्हा बसमध्ये बसल्यावर आर्या माझ्या पिशवीत डोकावली. "आत्या, तू बुक आणलंय, पण वाचत नाही. का?"

मी पुस्तक काढलं, खुणेच्या पानावर उघडलं. अक्षरं दिसत होती. एक बाई दार उघडत होती, पण ही कोण, दाराबाहेर कोण, काही लागेना. सवयीने मी पानं मागे उलटू लागले. दोन, चार, जिथे सगळी माणसं एका खोलीत जेवायला बसली होती तिथपर्यंत. तिथून वाचायला सुरुवात केली, आणि शेवटच्या फोनवरचा मिलिंदचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"ताई, पुस्तक बरेच दिवस बाजूला पडलं की परत कुठून सुरू करतेस गं? खुणेपासून?"

"छे. खुणेपासून वाचलं तर काहीच लागत नाही. थोडी पानं मागे जायचं. सगळे पुन्हा ओळखीचे झाले की मग पुढे."

तो बराच वेळ बोलला नव्हता. मग "वा," म्हणाला होता. मला वाटलं होतं, फोन कट झाला.

सूरला खाडीच्या काठी लाकडी जहाजं बांधतात. एक अर्धं जहाज वाळूत उभं होतं, फासळ्या उघड्या, आत ऊन भरलेलं. पोरं सावलीत आडवी झाली. मी सालिमला बाजूला बोलावलं आणि फोनवरचं बोलणं सांगितलं.

"म्हणजे पुढे जायच्या आधी मागे?" त्याने विचारलं.

"मला खेळातलं कळत नाही. सगळे खोलीत आहेत का, एवढं बघायचं."

तो हसला, मग हसायचा थांबला. खिशातल्या खजुराच्या बिया त्याने वाळूत मांडल्या, मोडल्या, पुन्हा मांडल्या. मग सगळ्यांना हाक मारली. त्यांचं अरबी बोलणं मला समजलं नाही. एकच दिसलं. बोलून झाल्यावर ते पळायला उठले नाहीत. जहाजाच्या सावलीत तसेच पडून राहिले, एकमेकांच्या पोटावर डोकी ठेवून.

सामना उन्हं कलताना सुरू झाला. रुस्ताकच्या मुलांनी मैदानाच्या कडेला मिलिंदची घडीची खुर्ची रिकामी मांडली होती. तिच्या शेजारी आर्या बसली. मी, सुजाता आणि बाळूदा मागच्या बाकावर.

शिट्टी वाजली. सालिमने चेंडू मागे दिला. तिथून आणखी मागे, मग आडवा, पुन्हा मागे, गोलरक्षकाकडे. अर्धं मैदान कुणी ओलांडेना. सूरचे प्रेक्षक शिट्ट्या मारू लागले. शेजारचे टोपीवाले आजोबा उठून काहीतरी ओरडले.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणतत, रुस्ताकवाले बस चुकले, घराक परत चलले," बाळूदा म्हणाले. "गप रव रे बाबा!"

चेंडू पायापायांतून फिरत होता. सालिम एकदा पुढे सुटला, मधल्या रेषेपाशी आला आणि थबकला. डाव्या कोपऱ्यातला एक जण राहिला होता. सालिमने मागे वळून चेंडू त्याला दिला, त्याच्याकडून परत घेतला. अकराही जणांचा पाय चेंडूला लागून झाला. आता जाईल असं मला वाटलं. सालिमने कडेला पाहिलं आणि चेंडू हळूच, अगदी हळूच, मैदानाबाहेर ढकलला. तो घरंगळत रिकाम्या खुर्चीच्या पायाला लागला.

सगळं मैदान हसलं. चेंडू फुकट सूरला मिळाला होता. आर्या उठली, तिने तो पायाने परत ढकलला आणि आमच्याकडे वळून म्हणाली, "आत्या, माझा पण टच!" सुजाताने माझा हात धरला. तिची पकड एवढी घट्ट असेल असं वाटलं नव्हतं.

सूरने तिथूनच मुसंडी मारली. चेंडू गोलाच्या खांबाला लागून बाहेर गेला, आणि बाळूदांनी डोळे उघडले. पण सुरुवातीचा तो काळ सरला, गोल झाला नाही. मध्यंतरात मगरीबची, सूर्यास्ताच्या नमाजाची बांग झाली. दोन्ही संघ एकाच ओळीत मैदानाच्या कडेला उभे राहिले, वाकले, टेकले. आकाश गुलाबी होतं. नंतर सालिमने गोल केला. शेवटी शेवटी पाय थकले आणि सूरने बरोबरी साधली. सामना तसाच सुटला.

सालिम घामाने निथळत आला. "जिंकलो नाही, आंटी."

"हरलाही नाहीत."

"सुट्टीनंतर? पहिल्यांदाच!" आणि तो खुर्ची घडी करू लागला. घडी काही नीट बसेना. शेवटी बाळूदांनी ती त्याच्या हातातून घेतली.

परतीच्या विमानात मी पुस्तक वाचत होते. डोंगर मागे राहिले ते पाहायचं राहून गेलं. निघायच्या आधी सुजाताने शिट्टी माझ्या हातात ठेवली होती. मी ती आर्याच्या गळ्यात घातली. मला वाटत होतं, या घरातून मी काहीतरी घेऊन जावं. पण शिट्टी तिथेच वाजायला हवी.

आता रुस्ताकचा एक सामना उरला आहे. शुक्रवारी आर्या फोन करते आणि तिच्या अडखळत्या मराठीत मला फुटबॉल सांगते. माझ्या पुस्तकाची थोडी पानं राहिली आहेत. मिलिंद नाही.