खडपावरची जोडीण

पाणी छातीला लागलं होतं आणि माझ्या बहिणीने माझा हात सोडला. निसटला नाही, तिने सोडला. बोटं उघडली, मागे वळली आणि बाईंचा दंड धरला. बाईंच्या नाकातोंडात पाणी गेलं होतं, ओढणी गळ्याभोवती पिळली गेली होती. मी रिकामा हात पुढे करून उभी. पायाखालची वाळू सरकत होती आणि माझ्या मनात एकच आलं : माझ्यापेक्षा ती?

बाई म्हणजे आमच्या गावच्या मराठी शाळेतल्या शिक्षिका. माझी धाकटी बहीण त्याच शाळेत मुलांची खिचडी शिजवते. आमचं गाव भुईगावच्या शेजारी, समुद्राला लागून. मी चौथीपर्यंत शिकले. त्या वर्षी आई गेली आणि ही रांगत होती, म्हणून माझी शाळा सुटली. लोक म्हणतात, तू तिला आईसारखी वाढवलीस. आईसारखं काही नाही. मला तेव्हा स्वतःची वेणी नीट घालता येत नव्हती. पण कडेवर तीच असायची, आणि पहिलं दळण, पहिलं भांडण, पहिलं बाळंतपण, सगळ्याला तिने मलाच हाक मारली. तिचं लग्न गावातच झालं. माझ्या दारातून तिचं दार दिसतं.

बाई सांगलीकडच्या. नवरा नोकरीला, मुलगा परगावी, राहायला आचोळ्याला फ्लॅटमध्ये. रोज स्कूटीवरून येतात. मुलांना वाढण्याआधी खिचडी शिक्षकांनी चाखून बघायची असा शाळेचा नियम आहे. त्या चाखायला म्हणून स्वयंपाकाच्या खोलीत जायच्या. चाखायला चमचाभर पुरतो. या तासभर बसायला लागल्या. बाई डब्यात ज्वारीची भाकरी आणायच्या, ही त्यांना सुक्या बोंबलाची चटणी द्यायची. बाईंच्या घरी मासळी शिजत नाही. तरी चटणी चाटूनपुसून खायच्या आणि जाताना बडीशेप चावायच्या. हे मला बहिणीनेच हसत हसत सांगितलं. मी हसले नाही.

मग घरात ‘बाई म्हणतात’ सुरू झालं.

“ताय, बाई म्हनतात चहा एवढा उकळू नये.”

“मग बाईंकडं जाऊन पी.”

“ताय, बाई म्हनतात गुडघ्याला तेल लावून काय होत नाय, डॉक्टरला दाखव.”

“गुडघा माजा हाय का बाईचा?”

“तुजं बोलनं म्हंजे बोंबलाचा काटा गो. बाई कशा गोड बोलतात बघ.”

गोड बोलतात हे खरंच. त्यांच्या तोंडून कधी वाकडा शब्द आला नाही. मला माणूस नावडायला तेवढंही कारण पुरतं.

एका पावसाळ्यात मला ताप आला. बहीण पेजेची वाटी घेऊन आली. चमचा माझ्या तोंडाजवळ आणला आणि तिचा मोबाइल वाजला. बाई. ती वाटी खाली ठेवून दारात गेली आणि बोलत राहिली, हसत राहिली. पेजेवर साय धरली. मी उठून ती पेज कोंबड्यांना घातली. आत आल्यावर ती म्हणाली, “खाल्लीस पन? शाबास.”

त्याच वर्षी बाईंनी तिला स्कूटी शिकवली. पन्नाशी उलटलेली माझी बहीण, साडी खोचून, पुढे बसून चालवतेय, मागे शिक्षिका तिच्या खांद्याला धरून ओरडतायत, “ब्रेक, ब्रेक!” सगळं गाव बघत होतं. माझ्या दारासमोर येऊन तिने मुद्दाम हॉर्न वाजवला. मी मासळी साफ करत होते. मान वर केली नाही.

एवढं सगळं मी गिळलं. खडपाचं मात्र गिळता आलं नाही.

ओहोटी लागली की आमच्याकडे समुद्रातला खडक उघडा पडतो. त्याला आम्ही खडप म्हणतो. बायका तिथे जाऊन खडकाला चिकटलेल्या शिंपल्यांतली कालवं फोडून काढतात. एकटीने कोणी जात नाही. जोडीने जायचं. एकीने वाकून सळीने कालवं फोडायची, दुसरीने पाण्यावर नजर ठेवायची, मग अदलाबदल. जोडीण एकदा ठरली की बदलत नाहीत. नणंदा-भावजया बोलेनाशा झाल्या तरी खडपावर एकत्र जातात. बहिणीची जोडीण मी. ती परकरात होती तेव्हापासून.

आणि पाणी बघणारीने सांगायचं कसं, त्याचीही रीत आहे. शिव्या घालायच्या. कालवं फोडताना हात थांबत नाही. हे एक फोडते, ते एक फोडते, असं होतं. नुसतं ‘चल’ म्हटलेलं कोणी मनावर घेत नाही. पहिल्यांदा ‘चल’ म्हणजे पाणी वळलं. ‘मेल्ये, ऊठ’ म्हणजे टोपली भरायला घे. ‘सैताने, तुजा मुडदा बशिवला’ म्हटलं की सळी हातात असेल तशी उठायचं. माझा आवाज या कामात नावाजलेला होता. चर्चच्या पायरीपर्यंत ऐकू जायचा. फादर एकदा म्हणाले होते, “खडपावरून आलीस की पापं सांगायला कुमसाराला ये.”

त्या रविवारी मोठी ओहोटी होती. चर्चमधली मिस्सा सुटल्यावर मी टोपली घेऊन दारात उभी राहिले. बहीण आली ती बाईंना घेऊन.

“ताय, आज तू बस. तुजा गुडघा दुखतो. बाईंना खडप बघायचंय.”

“आनि पानी कोन बघनार?”

“बाई बघतील. मी शिकवलंय त्यांना.”

बाई म्हणाल्या, “मावशी, तुम्ही काळजी करू नका, मी नीट लक्ष ठेवीन.”

मी म्हटलं, “मी कशाला काळजी करू? माजी काय टोपली वाहून जातेय?”

त्या दोघी गेल्या. थोड्या वेळाने मीही मागोमाग गेले आणि सुरूच्या झाडाखाली बसले. राखण करायला वगैरे नव्हते गेले. माझ्या जागेवर दुसरी कशी बसते ते मला बघायचं होतं. बाई उंच खडकावर बसल्या होत्या, माझ्याच खडकावर. बहीण वाकून फोडत होती आणि त्यांच्याशी बोलत होती. माझ्याबरोबर असताना ती कामात बोलत नसे.

आमच्या खडपाची एक खोड आहे. खडप आणि किनारा यांच्यामध्ये खोलगट पट्टा आहे. भरतीचं पाणी आधी त्या पट्ट्यात शिरतं, खडप मागाहून बुडतं. म्हणजे खडक कोरडा दिसतो आणि परतायची वाट गेलेली असते. बहिणीने हे बाईंना सांगितलं होतं आणि बाईंनी ते बरोबर ध्यानात ठेवलं होतं. त्या समुद्राकडे नाही, पट्ट्याकडेच बघत होत्या. पाणी शिरलं तसं त्यांनी सांगितलं, “अगं, पाणी आलं बघ.” थोड्या वेळाने, “चल ना आता.” मग, “चल ना, उशीर होईल.” हे मला नंतर बाईंनीच सांगितलं. बहिणीचा हात चालूच होता. इतकी वर्षं तिचे कान माझ्या शिव्यांवर होते. शिवी आली नाही म्हणजे अजून वेळ आहे, असं तिच्या अंगातच भिनलेलं. बाईंना शिव्यांची रीत सांगायची ती विसरली. किंवा बाईंकडे असलं बोलायची तिला लाज वाटली असेल.

मी झाडाखालून उठले आणि माझ्याकडे होत्या नव्हत्या तेवढ्या शिव्या दिल्या. वारा समुद्राकडून होता. माझा आवाज माझ्याच कानात परत येत होता. तेव्हा मी पाण्यात उतरले.

तोवर बहिणीने मान वर करून पाणी बघितलं होतं. त्या दोघी पट्ट्याच्या मध्यावर असताना मी पोचले. टोपली सोडलेली होती. मी बहिणीचा हात धरला आणि तिने तो सोडला, ते वर लिहिलंच आहे. बाईंना पोहता येत नव्हतं. बहिणीला येतं, मला येतं. तिने दोन्ही हातांनी बाईंना धरलं आणि त्या वजनाने तीही खाली जायला लागली.

“सोड तिला!” मी ओरडले.

“नाय सोडनार!”

“सैताने, सोड!”

“नाय!”

हात मिळत नव्हता म्हणून मी तिचा अंबाडा धरला. केसांना पीळ दिला आणि किनाऱ्याकडे तोंड करून ओढायला लागले. ती किंचाळत होती, पण तिने बाईंना सोडलं नाही. मी बाईंना वाचवलं असं कोणी म्हणू नये. मी माझ्या बहिणीला ओढत होते. तिच्या मागून जे आलं ते आलं.

वाळूवर पडल्यावर बाई ओकल्या. बहीण त्यांची पाठ चोळत होती. “बाई, बाई, बगा माज्याकडं.” माझ्या गुडघ्यातून रक्त येत होतं. माझ्या मुठीत तिचे केस होते. मी ते झटकले आणि पदर पिळत बसले.

पुढच्या आठवड्यात शाळेत बहिणीचा सत्कार केला. शाल, नारळ. मला मुलांच्या बाकावर शेवटच्या रांगेत बसवलं. बाई माइकवर रडल्या. म्हणाल्या, “हिने मला सोडलं नाही.” पुढे म्हणाल्या, “तिच्या मोठ्या बहिणीनेही मदत केली.” मदत. मी उठून जाणारच होते.

तेवढ्यात बहिणीने माइक घेतला. तिला भाषण येत नाही. ती म्हणाली, “मी बाईंना धरलं कारन मागून ताय वढनार हे म्हाईत होतं. ती नसती तर मी पन सोडलं असतं.” आणि पोरांसमोर डोकं वाकवून केस उपटलेली जागा दाखवली. पोरं हसली. शाल तिने घडी न मोडता माझ्या मांडीवर आणून टाकली. “घे. घालू नको, गरम होईल.”

ती बोलली ते खरं की मला गप्प करायला, मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही. संध्याकाळी ती बाईंना मागे बसवून माझ्या दारावरून गेली. मला अजूनही ते बघवत नाही.

गावात ही गोष्ट वेगवेगळी सांगतात. कोणी म्हणतं बहिणीने बाईंना काढलं, कोणी म्हणतं होडीवाल्यांनी काढलं. होडी तिथे नव्हती. त्या पाण्यात माझी बहीण होती, बाई होत्या आणि मी होते. तिघी जगलो.