जाधव सिस्टरांचं स्टूल

गाडी सर्व्हिसिंगला टाकली की माणसं किल्ली देतात, सही करतात आणि सुटल्यासारखी घरी पळतात. जाधव सिस्टर पळत नसत. त्या डिकीतून प्लास्टिकचं घडीचं स्टूल काढायच्या, वर्कशॉपच्या तोंडाशी आखलेल्या पिवळ्या रेषेच्या बरोबर बाहेर मांडायच्या आणि आपल्या गाडीकडे तोंड करून बसायच्या. शेजारी पाण्याची बाटली आणि डबा. आत काचेच्या लाउंजमध्ये गार हवा, फुकट कॉफी आणि टीव्ही होता, पण तिकडे त्यांनी कधी ढुंकूनही पाहिलं नाही.

"पेशंटला ॲडमिट करून नातेवाईक घरी जातात का?" असं त्या विचारायच्या.

सिस्टर आमच्याच बिल्डिंगमधल्या, काळाचौकीच्या. सारी नोकरी म्युनिसिपल हॉस्पिटलच्या वॉर्डात गेली. रिटायर झाल्यावर, ज्या वयात आम्ही गुडघे चोळत बसतो त्या वयात, त्या ड्रायव्हिंग शिकल्या आणि नवी गाडी घेतली. हौस म्हणून नव्हे. जाधवकाकांच्या किडन्या गेल्या होत्या, एक दिवसाआड शीवला डायलिसिस असायचं. येताना काका इतके गळून जात, की टॅक्सीला हात करत रस्त्यावर उभं राहणं त्यांना शक्यच नव्हतं. घरात बुद्धमूर्तीशेजारच्या खिळ्याला ती किल्ली टांगलेली असे.

आणि तीच गाडी भर रस्त्यात बंद पडू लागली. रोज नाही, मधूनच. आणि तीही नेमकी येताना. मागच्या सीटवर काका डोळे मिटून पडलेले, मागून बसचा हॉर्न, आणि इंजिन चालू होता होत नाही.

माझीही गाडी त्याच वर्कशॉपला जायची, एसीच्या तक्रारीसाठी. माझी पद्धत सोपी होती. आवाज चढवायचा, काउंटरवर हात आपटायचा, ग्राहक कोर्टाचं नाव घ्यायचं. माझा एसी आजही गरम हवा फेकतो. सिस्टरांचा आवाज मात्र मी कधी चढलेला ऐकला नाही.

"मॅडम, स्कॅनरवर काहीच एरर नाहीये," सर्व्हिस मॅनेजर देसाई सांगायचा. गिरगावातला, टायवाला, गोड बोलून वाटेला लावण्यात पटाईत. "आम्ही राउंड पण मारून आलो. गाडी एकदम नॉर्मल आहे."

"रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणा," सिस्टर शांतपणे म्हणाल्या. "पेशंटचं अजून ठरायचंय."

"पण मॅडम, वॉरंटीत पार्ट बदलायचा तर कंपनीला फॉल्ट दाखवावा लागतो. फॉल्ट दिसलाच नाही तर मी काय करू?"

"मला गाडीतलं काही कळत नाही, देसाई. पण लक्षण दिसेपर्यंत पेशंटजवळ थांबायचं, एवढं कळतं. तुम्ही सकाळी थंड गाडी रिकाम्या रस्त्यावर फिरवता. ती आमच्यासारखी चालवून बघा ना. मंगळवारी यांचं डायलिसिस आहे, तुम्हीच या चालवायला."

देसाई हसला. सिस्टर स्टुलावर बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या, पुन्हा बसल्या. ना भांडण, ना धमकी. येणारी-जाणारी गिऱ्हाइकं विचारू लागली, की या बाई इथे का बसल्यात? त्या खरं तेच सांगायच्या, तेही हळू आवाजात. शेवटी मंगळवारी देसाई टाय सैल करून आमच्या बिल्डिंगखाली हजर झाला.

काकांना उतरवायला मी नेहमी जायचो, म्हणून पुढे बसलो; सिस्टर मागे काकांजवळ. जाताना गाडी लोण्यासारखी चालली. देसाईने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. डायलिसिस होईपर्यंत गाडी उन्हात तापत उभी होती. परतताना दादर टीटीच्या सिग्नलला हिरवा दिवा लागला आणि इंजिन बंद पडलं.

देसाई बटण दाबतोय, काही होत नाहीये. मागे हॉर्नचा गदारोळ. कुणीतरी "ए, बाजूला घे ना!" म्हणून बोनेटवर थाप मारून गेला. एसी बंद, काकांच्या कपाळावर घाम, ओठ पांढरे. देसाईने आरशात त्यांच्याकडे पाहिलं आणि तो पुन्हा पुन्हा बटण दाबत सुटला.

सिस्टरांनी काच खाली केली, पदराने काकांना वारा घालू लागल्या. "घाबरू नका, देसाई. हॅझर्ड लावा. थोडी थंड झाली की होते चालू." मग म्हणाल्या, "दिसलं ना आता?"

"सॉरी, मॅडम."

"सॉरी नको. इलाज करा."

त्या क्षणी मला त्या बाईंपुढे हात जोडावेसे वाटले. नवऱ्याचा जीव मांडीवर आणि आवाजात रागाचा लवलेश नाही. एवढं बळ माणसात कुठून येतं, मला आजही उमगलेलं नाही.

बिघाड निघाला तापल्यावर अडणाऱ्या फ्युएल पंपाचा, पण तो बदलायला कंपनीचा माणूस फोनवर काचकूच करत होता. स्कॅनरवर एरर नाही, मग क्लेम कसला? मी काउंटरपाशीच होतो. देसाई एवढंच म्हणाला, "सर, मी स्वतः त्या गाडीत होतो." त्यानंतर पंप बदलला, आणि गाडी पुन्हा कधी बंद पडली नाही. पुढे सर्व्हिसिंगला येताना बरं असेल तेव्हा काकाही मागच्या सीटवर असत.

काका पुढल्या वर्षी गेले, हॉस्पिटलातच. नंतर काही आठवड्यांनी मी एसीची तक्रार घेऊन वर्कशॉपला गेलो, तर सिस्टरांची गाडीही सर्व्हिसिंगला आलेली. देसाई नेहमीसारखा मागचं दार उघडायला धावला, काकांना नमस्कार करायला. सीट रिकामी पाहून तसाच दाराला धरून उभा राहिला.

"काही कम्प्लेंट, मॅडम?" त्याने विचारलं.

"काही नाही. शेवटपर्यंत न थांबता नेलं-आणलं हिने त्यांना," सिस्टर म्हणाल्या आणि डिकीतून स्टूल काढून रेषेबाहेर बसल्या.

आता बसायची गरज नव्हती. पण देसाईने तसं म्हटलं नाही. कोपऱ्यातला एक जुना टायर ओढून तो रेषेच्या बाहेर आला आणि टायसकट त्यांच्या शेजारी बसला. गाडी लिफ्टवर चढत होती, दोघं तिच्याकडे बघत राहिली. मी एसीचं भांडण तसंच ठेवलं आणि त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो.