जानकीच्या दुकानाला वळसा

जानकी, हे तुझ्याबद्दल आहे, म्हणून तुलाच सांगते. पाठीमागे मी तुझ्याविषयी पुष्कळ बोलते, पण लिहायचं तर तोंडावर.

आपण दोघी एकाच बाकावर बसून अर्थशास्त्रात बी.ए. झालो. मार्क मला जास्त. पुढे मी कॉलेजात शिकवलं, तू लग्न करून कसाल बाजारातल्या कापडाच्या दुकानात आलीस. मी तुला बिचारी म्हणायचे. निवृत्तीनंतर तुझ्यासमोरच घर बांधलं आणि बघते तर माझेच विद्यार्थी माझ्या फाटकावरून पुढे जाऊन तुझ्या गादीवर टेकतात. तुला विचारतात, "काकी, औंदा वर्स कसा जातला?" मला विचारतात, "मॅडम, तब्येत बरी?"

तुझं कर्तृत्व मी नाकारत नाही. तुझा नवरा धनेश गेला आणि नुसत्या कापडावर दुकान चालेना, तेव्हा तू चपला ठेवायचं काढलंस. सासरे भडकले. "गवरीची साडी जाता त्याच दारातसून वहाणा?" तू वाद घातला नाहीस. चपला मागच्या पडवीत लावल्यास आणि मधलं दार विटा रचून बंद केलंस. दोन्ही हवं असेल त्याने साडी घेऊन पुढच्या दाराने बाहेर पडायचं आणि बोळातून वळसा घालून मागे जायचं. सासरे गेले, भिंत राहिली. मागे आता तुझी सून संचिता बसते.

तो बोळ तुझ्या गादीवरून दिसत नाही. माझ्या माडीच्या खिडकीतून दिसतो. हे लक्षात ठेव.

मीच तुला म्हटलं होतं, "चतुर्थीचा धंदा हिशोबात धरू नकोस. तो चाकरमान्यांचा पैसा, तेव्हा सगळेच वळसा घालतात. काजूचे पैसे हातात आले की मे अखेरीला बघ, साडी घेऊन बोळात वळतात किती आणि सरळ स्टँड गाठतात किती. लग्नाकार्याला कपडा घ्यावाच लागतो. चपलेचा अंगठा शिवून आणखी एक वर्ष निघतं. वर्ष कसं गेलं ते बोळात कळेल."

तू घडी घालता घालता म्हणालीस, "तुका दुसरा काम नाय गो? खिडकीत बसान लोकांचे पाय बघतंस."

गेल्या वर्षी सिंधुदुर्गनगरीहून रसिका नावाची पत्रकार आली. लोक कपड्यांवर, चपलांवर काय खर्च करतात, त्यावरून जिल्ह्याची परिस्थिती कशी ओळखायची, हा तिचा विषय. आधी माझ्याकडे आली. मी पोहे दिले, तासभर निर्देशांक समजावून सांगितले. बोळ सांगायचा राहून गेला. मग ती तुझ्याकडे गेली. रविवारी पेपरात तुझा फोटो आणि वर मथळा, 'वळसा सांगतो वर्ष कसं गेलं'. माझं नाव कुठेच नाही. मासळीवालीपासून पोस्टमनपर्यंत सगळे मलाच विचारत होते, "वाचलात? काकींचा डोक्या बघा."

मी तडक रस्ता ओलांडून आले. "जानकी, तुला बोळ दिसतो?"

"नाय."

"मग?"

"मगे काय? तिना इचारल्यान, माका आठावला ता सांगितलंय. तुझा नाव सांगणार होतंय, तवसर गिऱ्हाईक इला."

"नंतर फोन करता आला असता."

"फोन करून काय सांगू? ता डोक्या माझा न्हय म्हणान?"

भिंतीपलीकडे संचिता हसली. मला हसू आलं नाही.

तू म्हणालीस, "चल, सोमवारी दुकान बंद आसा. सावंतवाडीक जावया. माका एकदा दुसऱ्याच्या गादीर बसान ढीगभर साडी काढूक लावूची आसा आणि काय एक न घेता उठान येवचा आसा. आयुष्यभर लोकांनी माझा ह्याच केल्यानी."

"आधी रसिकेला फोन कर," मी म्हटलं.

सोमवारी तू नव्या चपला घालून थांब्यावर उभी राहिलीस. मी साडी नेसून, पर्स घेऊन खिडकीत. फोन केल्याचं तू सांगितलं नव्हतंस. नुसतं सांगायचं होतंस, मी दोन मिनिटांत खाली आले असते. बस आली. तू वर बघितलंस, मी खाली बघितलं. कंडक्टरने घंटी मारली. बस गेल्यावर तू घरी परतलीस ती बोळातून, मला नीट दिसेल अशी, सावकाश.

सावंतवाडीला आपण अजून गेलेलो नाही.