भांडण नंतर, व्याही आधी

घरी बसून बघायचा सिनेमा कसा असावा, याबद्दल माझी मतं पक्की आहेत. आठवीत शाळा सुटलेल्या बाईची मतं कोण विचारतो म्हणा, पण वर्षानुवर्षं कर्वेनगरातल्या शेकडो घरांना सकाळी अकराचा सिनेमा मीच दाखवला आहे.

घरचा सिनेमा कुकरच्या शिट्ट्यांत टिकला पाहिजे. मध्येच उठून पोळ्या लाटून आलं तरी कोण कोणावर रुसलंय ते कळलं पाहिजे. सासरे आणि सून एकाच खोलीत बसून बघतात, तेव्हा दर गाण्याला सुनेला पाणी आणायला उठावं लागता कामा नये. आणि रहस्य तर नकोच. माझा जीव मुळात धास्तीचा. खुनी कोण, या काळजीत माझी आमटी दोनदा करपली आहे.

ज्या नोकरीत मी हे सगळं शिकले, ती लागली तेव्हा हिंजवडीत कंपन्यांच्या काचेच्या इमारती उठत होत्या. आम्ही यवतमाळकडून आलेलो. नवऱ्याच्या कारखान्यात काम आठवड्यातून तीनच दिवस उरलं होतं. माझी नोकरी टिकली तर पुण्यात राहायचं, नाहीतर चंबूगबाळं आवरून परत गावी, असं ठरलेलं. नोकरी केबलवाल्याच्या ऑफिसात. तक्रारीचे फोन घ्यायचे आणि त्याच्या स्वतःच्या चॅनेलवर मालक काढून देतील तो सिनेमा लावायचा. मालक म्हणाले होते, "महिनाभर बघतो. तक्रारी वाढल्या तर नाही जमायचं."

फोनची मला भीती वाटे. समोरून स्वच्छ पुणेरी मराठी यायची आणि माझ्या तोंडून "नाही जी" निसटायचं.

तेव्हा एका सिनेमाच्या दोन सीड्या असत. तिसऱ्या आठवड्यात मी एकदा दोन्ही स्वच्छ पुसल्या, एकावर एक ठेवल्या आणि वरची लावली. ऑफिसातल्या टीव्हीचा आवाज बंदच असायचा. पाऊण तासाने फोन वाजला. कॉलनीतल्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांचा आवाज ऐकला की मी आपोआप उभी राहायची.

"अहो, सिनेमा शेवटाकडून दाखवायची पद्धत सुरू केलीत का? घरमालक आणि भाडेकरू व्याही होऊन एकमेकांना जिलेबी भरवतायत. हे भांडले कधी?"

मी पडद्याकडे पाहिलं. खरंच जिलेबी.

"चुकलं जी, बाई. दुसरी सीडी आधी लागली. आता बंद करते, पहिल्यापासून लावते."

"काही नको. पंगत अर्धी उठल्यावर अक्षता वाटताय होय? हा भाग संपू दे, मग पहिला लावा. आणि तसं पडद्यावर लिहा. लोकांनी काय समजायचं?"

पडद्यावर लिहायचं म्हणजे मालकांना कळणार. तेवढ्यात दुसरा फोन. एक गृहस्थ म्हणाले, "नवीन तंत्र दिसतंय. हल्ली सरळ कोणी सांगतच नाही. छान!" माझ्या जिभेवर "हो" आलं होतं. झाकून गेलंही असतं. पण बाईंना काय सांगणार होते? एका बोटाने टाइप करून पडद्याखाली धावती पट्टी सोडली: "चुकून दुसरा भाग आधी लागला. पहिला भाग यानंतर. माफ करा."

पहिला भाग सुरू झाला आणि मालक जिना चढून आले.

"पट्टी कोणी लिहिली?"

"मी."

"मला विचारलंत?"

"नाही."

ते खुर्चीत बसले. "आधीचे दोघं चूक झाली की फोन काढून ठेवायचे. शिव्या मला रस्त्यात मिळायच्या." मग त्यांनी टीव्हीचा आवाज मोठा केला. पडद्यावर घरमालक भाडेकरूचं पाणी तोडत होता. "आई घरी हसून लोळतेय. म्हणते, मेल्यांनो, भांडा, शेवटी जिलेबी तुम्हालाच भरवायचीय."

तेव्हा मला कळलं, शेवट ठाऊक असूनही ज्यात गोडी राहते, तोच घरचा सिनेमा. बाकीचे थिएटरात बघावेत.

"महिना कधी भरतो तुमचा?" मालकांनी विचारलं.

"पुढच्या गुरुवारी."

"गुरुवारची वाट कशाला? राहा तुम्ही. आणि उद्यापासून सिनेमाही तुम्हीच निवडा. मला कळत नाही त्यातलं."

ते गेल्यावर मी आधी खाली बसून घेतलं. मग वर्गणीदारांच्या वहीतून बाईंचा नंबर काढला आणि पुण्यात पहिल्यांदाच स्वतःहून फोन लावला.

"बाई, नोकरी राहिली. तुमचे उपकार जी. उद्या काय लावू?"

"मला काय विचारता? आता तुम्ही ठरवायचं," त्या म्हणाल्या. आणि फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, "रडका नको."